सेफ्ट्रियाक्झोनसाहेबांचे सेवेशी

राजमान्य राजश्री सेफ्ट्रियाक्झोनसाहेब, मुक्काम सलाईन स्टँड, जिल्हा बुलढाणा, यांचे सेवेशी तेराही तालुक्यांतील तापकरी आणि खोकलेकरी रयतेचा दंडवत. विनंती विशेष.

या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे यांचे सहसा एकमत होत नाही. साहेबांच्या बाबतीत मात्र मेहकर-चिखली आणि मलकापूर-नांदुरा एकदिलाने उभे आहेत. छोट्या रुग्णालयात तापाचा पेशंट आला, बाटली टांगली, की साहेब शिरेतून प्रवेश करतात. साहेब पडले जिवाणूंवरचे अँटिबायोटिक; व्हायरल तापावर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही. पण तो ताप चार-पाच दिवसांत आपसूक उतरतो आणि श्रेय साहेबांच्या खात्यावर जमा होते. असा बिनकष्टाचा लौकिक पुढाऱ्यांनाही लाभत नाही!

2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या या तापापुढे साहेबांचे काही चालत नाही. तिथे डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त कॅप्सूल लागते. पण स्वस्त कॅप्सूलला रुबाब कुठला? नातेवाईक दारातूनच म्हणतात, “डॉक्टरसाहेब, जरा पावरचं द्या.”

डॉक्टरांवर राग काढणे सोपे आहे. पण नेमका जंतू ओळखणाऱ्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तालुक्याच्या गावी ती सोय सहसा नसते. संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर पेशंट अकोल्याची नाही तर संभाजीनगरची गाडी धरतो. औषध दिले नाही आणि काही बरेवाईट झाले, तर जमाव दवाखान्याच्या दारात. मग केसपेपरवर निदानाची जागा कोरी राहते आणि साहेबांचे नाव ठळक उमटते. मोठ्या रुग्णालयांनीही फार नाक वर करू नये. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2021-22 मध्ये देशातल्या 20 मोठ्या संस्था पाहिल्या. तिथे भरती रुग्णांपैकी सुमारे 72 टक्के अँटिबायोटिकवर होते. त्यांतही नेमका जंतू कळल्यावर औषध मिळालेले जेमतेम 6 टक्के. लॅब हाताशी असून ही गत!

सरकारने साहेबांचा मान राखला नाही असे नाही. 1 मार्च 2014 पासून साहेब शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. मेडिकलवाल्याने डॉक्टरचे नाव, पेशंटचे नाव आणि औषध किती दिले हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. पुढे जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना लिहिले की, अँटिबायोटिक देताना त्याचे कारणही नोंदवा. हे पत्र पंधरा खाटांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लागायला हवे.

हा खेळ रयतेला नवा नाही, साहेब. बीटी कपाशीचा असर टिकावा म्हणून पाकिटासोबत रेफ्युजीची, म्हणजे बिगर-बीटी बियाण्याची, पुडी येई. ती बांधावर पेरण्याचा कंटाळा केला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीला भीक न घालता बोंडे पोखरली. जंतूही तेच शिकत आहेत. जगात 2019 साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट 12.7 लाख बळी घेतल्याचा अंदाज आहे.

लॅब नाही म्हणून इलाज नाही, हे मात्र रयतेला मान्य नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे जुळली, तरच त्या नवजात बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक टोचत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. त्यांच्याकडे कल्चरची लॅब नव्हती. कधी टोचायचे आणि कधी नाही, याचा नियम होता आणि तो त्या पाळत.

म्हणून अर्ज असा. मेंदूज्वर, गंभीर टायफॉइड, रक्तातला जंतुसंसर्ग यांसाठी साहेबांनी अवश्य यावे. साध्या सर्दीतापाला येऊ नये. बुलढाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने तालुक्यांतले नमुने तपासावेत आणि रिपोर्ट फोनवर कळवावा. डॉक्टरांनी केसपेपरवर कारण लिहावे आणि तिसऱ्या दिवशी औषध चालू ठेवायचे की बंद करायचे ते ठरवावे. आणि पेशंटच्या नातेवाइकांनी पावरचं मागण्याआधी एकदा विचारावे: डॉक्टर, हे कशासाठी?