आठवडा आटोक्यात आणा : इंदूरकर नवशिक्यांसाठी धडे

इंदूरने रस्ते जिंकले. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांचा पहिला नंबर आपण सोडलेला नाही. २०२३च्या सर्वेक्षणात सुरतेला शेजारी बसवून घ्यावं लागलं, तेवढं एक सोडा. बाहेरगावचे पाहुणे येतात, राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत माना वळवून बघतात आणि विचारतात, एवढ्या मोठ्या शहराचा पसारा गेला कुठे? आपण नम्रपणे हसतो. माळा दाखवत नाही.

हे धडे त्या माळ्यासाठी आहेत. तसेच दिवाणाच्या पोटासाठी, फ्रिजच्या डोक्यासाठी आणि रविवारी संध्याकाळी पाचपासूनच ज्यांना सोमवार दिसू लागतो त्या सगळ्यांसाठी. नेमाने पाळलेत तर आठवडा सुटसुटीत होईल. कुणाचा, ते पुढे येईलच.

१. सुरुवात खरेदीने करा

आवरायला बसायचं तर आवरण्याचं सामान हवं. नुसता पदर खोचून घर आवरणं मागच्या पिढीला जमायचं. त्यांना दुसरा उद्योग नव्हता, असं आपण धरून चालू. खजुरी बाजारातून एक जाड डायरी घ्या, जिच्या प्रत्येक पानावर ‘आजची तीन महत्त्वाची कामं’ असं छापलेलं असेल. त्यातलं पहिलं काम रोज एकच राहील : डायरी शोधणं. मग बर्तन बाजारात जा आणि डबे घ्या. फळीचं माप घरून नेऊ नका, उत्साह मावळतो. डबे फळीपेक्षा दोन बोटं उंच निघतील. निघू द्या. ते ओट्यावर राहतील, ओटा लहान वाटू लागेल आणि मोठ्या घराचा विषय आपोआप निघेल.

जुने डबे टाकायचे नाहीत. आइस्क्रीमचे, मिठाईचे, कुणाकडून तरी चिवडा आला होता तो, असे सगळे नव्या डब्यांत भरून ठेवा. झाकणं मात्र वेगळी, एका पिशवीत. कुठल्याही मराठी घरात झाकणं आणि डबे यांची संख्या जुळत नाही. जुळली तर मोजण्यात चूक आहे.

आता लेबलं. वास्तविक आपल्या घरात लेबलं पूर्वीपासून आहेत, मशीनने टिकटिक करून कोरलेली. स्टीलचा कुठलाही जुना डबा उलटा करून बघा : ‘चि. बाळच्या मुंजीनिमित्त मावशीकडून सप्रेम, १९८४’. आत काय आहे हे डबा सांगत नाही, कुणी दिला तेवढं सांगतो. त्यामुळे स्वयंपाकघरात ‘रवा कशात आहे?’ असा प्रश्न आला की उत्तर येतं, ‘अगं, मावशीच्या डब्यात.’ आणि मावशी तर आठ डबे देऊन गेलेली. तुम्ही यावर नवी चिकटपट्टी लावाल, सुबक अक्षरात ‘साखर’ लिहाल. पंधरा दिवसांनी त्यात पोहे असतील. वाईट वाटून घेऊ नका. पट्टी काढू नका, म्हणजे पाहुण्यांनी चहा केला की घरात चैतन्य येतं.

२. कचऱ्याचे सहा भाग करा, सातवा लपवा

इथे तुमचं अर्धं शिक्षण महापालिकेने करून ठेवलंय. ओला, सुका, प्लास्टिक, ई-वेस्ट, सॅनिटरी आणि घातक, असा सहा प्रकारांत कचरा वेगळा करायला आपण शिकलो. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा हातात दोन बादल्या घेऊन फाटकाशी उभे असतात. या गाडीसमोर खोटं चालत नाही. चहाच्या गाळासोबत बिस्किटाचं रॅपर गेलं तर गाडीवरचा भिया नुसता बघतो. तेवढं पुरतं.

पण सातवा प्रकार त्यांच्या गाडीत नाही. त्याचं नाव ‘लागेल कधीतरी’. बंद पडलेल्या मिक्सरचं भांडं, तीन जुने चार्जर (फोन दोन विकले, एक हरवला), लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि साडीच्या दुकानाची ती जाड, दोरीची पिशवी, जी इतकी चांगली आहे की वापरता येत नाही. देवगुराडियाला २०२२ मध्ये बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची ताकद. तुमच्या दुधीच्या सालांवर शहरातल्या बसगाड्या धावतात. एवढं विज्ञान पुढे गेलं, पण आहेरात आलेला काचेचा सहा वाट्यांचा सेट (एक फुटली, पाच आहेत) पचवील असं यंत्र अजून निघालेलं नाही. तो पुढच्या मुंजीत द्यायचा. आधी कुणाकडून आला होता ते तेवढं लिहून ठेवा. त्याच घरी परत गेला तर तुम्हाला पुढच्या मुंजीचं बोलावणं येणार नाही, आणि आठवडा तेवढाच हलका होईल.

३. माळ्यावरच्या वस्तूला विचारा

जपानच्या मारी कोंडो बाईंची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाहीतर आभार मानून निरोप द्यायचा. २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि इंदुरातही कित्येकांनी बनियन उभे घडी घालून ठेवायला सुरुवात केली.

पद्धत चांगली आहे, फक्त आपल्याकडे घरातल्या प्रत्येकाचा आनंद वेगळा. टुल्लू पंप हातात घ्या. तुम्हाला आनंद झाला नाही? बाबांना विचारा, डोळ्यांत पाणी येईल. नळाच्या लाइनीला तो थेट लावणं नियमात बसत नाही, म्हणून त्याच्या खोक्यावर ‘जुना पंखा’ असं लिहावं. आजीची माहेश्वरी साडी हातात घ्या. जरीशी विरलेली, घडीवर चिरत चाललेली, नेसता येत नाही, फेकायचा विचार केला तर हात झडेल. ही वस्तू आनंद देत नाही, धाक देते. तिला कपाटातली सगळ्यात चांगली जागा द्या.

अडखळलात तर धीर सोडू नका. खुद्द कोंडोबाईंनी २०२३च्या सुरुवातीला सांगून टाकलं की तीन मुलं झाल्यापासून घर टापटीप ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडलाय. आपल्याकडच्या कुठल्याही काकूंनी त्यांना पुस्तक लिहिण्याआधीच हे सांगितलं असतं, पण काकूंना कुणी विचारत नाही.

४. नर्मदेला विचारल्याशिवाय वार ठरवू नका

हा धडा सावकाश वाचा. नियोजनावरच्या सगळ्या पुस्तकांत ‘सोमवारी धुणं, मंगळवारी फरशी’ असा तक्ता असतो. तो लिहिणाऱ्याच्या नळाला रोज पाणी येतं. आपली नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरून, मंडलेश्वराजवळच्या जलूदहून घाट चढून वर येते. १९७० साली शहराने तिच्यासाठी आंदोलन केलं. एवढ्या मिनतवारीने आणलेली पाहुणी, तिच्या वेळा सांभाळाव्याच लागतात. आणि बहुतेक वस्त्यांत ती येते एक दिवसाआड.

आता बोटं मोजा. आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम. या आठवड्यात सोमवारी पाणी आलं तर पुढच्या सोमवारी येणार नाही. चादरी धुण्याचा तुमचा सोमवार एका आठवड्यात खरा आणि दुसऱ्यात खोटा. यावर तोडगा सोपा आहे : आठवडाच चौदा दिवसांचा करा. ऑफिसला कळवा. मधली लाइन फुटली की पाळी एक दिवस पुढे सरकते आणि विषम आठवडा सम होतो, त्या दिवशी डायरीतली पुढची सगळी पानं खोडून घ्यायची. पेन्सिल वापरा म्हणून सांगणार होतो, पण पेन्सिली मावशीच्या डब्यात आहेत.

५. भिंतीवर दोन कॅलेंडरं लावा

एक ‘कालनिर्णय’, १९७३ पासून मराठी माणसाचा दुधाचा हिशेब सांभाळणारं. दुसरं जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’, कारण आपण राहतो मध्य प्रदेशात आणि शेजारच्या भाभी त्यावर चालतात. दोन्ही शेजारी-शेजारी टांगा आणि गंमत बघा. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपल्या चैत्र वद्याला ते वैशाख कृष्ण म्हणतात. भाभींचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला पंधरा दिवसांनी अमावस्या उलटल्यावर. म्हणजे नोकरी करणाऱ्या सुनेने ‘श्रावणात बाहेरचं खायचं नाही’ असं ठरवलं, तर कुठला श्रावण हे आधी लेखी घ्यावं.

अनुभवी घरं दोन्ही पाळतात. श्रावणी सोमवार मग चाराचे सहा होतात. आठवड्याचा मेनू त्यामुळे आपोआप ठरतो : साबुदाणा, भगर, साबुदाणा आणि ज्या दिवशी कुणाचाच उपवास नाही त्या दिवशी सकाळचे पोहे, वर शेव आणि जिरावण. नियोजनकर्त्याने या मेनूचं श्रेय बिनदिक्कत घ्यावं.

६. कामाची वाटणी चकचकीत कागदावर करा

रविवारी कुटुंबाची बैठक घ्या. घरातला पुरुष अध्यक्ष. त्याने ऑफिसात अशा बैठका पाहिलेल्या असतात, त्यामुळे चहा कोण करतं हे सोडून बाकी सगळं त्याला येतं. चार रंगांचे पेन घ्या, फ्रिजवर तक्ता लावा. ‘गॅस सिलिंडर : बाबा.’ ‘कचरागाडी : बंटी.’ ‘इतर : आई.’

‘इतर’ची फोड करत बसू नका. त्यात मोडतं : विरजण लागलं का, बंटीच्या कंपासचा कर्कटक हरवलाय तो शनिवारच्या आत आणणं, भांड्यांच्या बाईचा मुलगा आजारी आहे म्हणजे ती परवा येणार नाही हे तिने न सांगता ओळखणं, रजा पडली तर काचेचे ग्लास काढायचेच नाहीत हे आदल्या रात्री ठरवणं, वन्संच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, गव्हाचं दळण, आणि दिवाणातली सतरंजी कुठल्या बाजूला आहे. ही यादी घरात आधीपासून पाठ आहे, एकाच डोक्यात. ती तिला कागदावर उतरवायला कधीही सांगू नका. उतरली की इतरांना वाचावी लागेल.

तक्त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. बाबा अंगठा दाखवतील. अंगठा म्हणजे काम झालं. ज्या घरात सिलिंडर मध्यरात्री संपतो त्या घरातही अंगठा दाखवलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

७. थोरांची दिनचर्या नजरेसमोर ठेवा

इंदुरात राहून अहिल्याबाईंचं नाव न घेता नियोजनावर बोलणं बरं नाही. जॉन माल्कम यांच्या ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’मध्ये (१८२३) त्यांचा दिवस नोंदलेला आहे. पहाटेच्या आधी तासभर उठणं, पूजा, पोथीश्रवण, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा, अल्पाहार, आणि रात्री नऊ ते अकरा परत राज्याचं काम. हा उतारा फ्रेम करून बैठकीत लावा. बारकाईने वाचू नका, कारण त्यात ‘उद्याच्या दिवसाचं नियोजन करणं’ यासाठी कुठेही वेळ ठेवलेला दिसत नाही, आणि मग आपल्या डायरीचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

८. रविवारी पुढच्या आठवड्याची तयारी

पुस्तकांचा सल्ला असा की रविवारी भाज्या चिरून, वाटणं करून, पाच दिवसांचे कपडे इस्त्री करून ठेवावेत. करा की. सकाळी पोहे-जिलबी आणायला छप्पन दुकानवर जाऊन या, तिथे ओळखीचे भेटतील, साडेअकरा होतील. दुपारी दाल-बाफले आहेत. तुपात बुडवलेले दोन बाफले खाल्ल्यानंतर उभं राहून काम केलेला इसम माझ्या ऐकिवात नाही. पाचला उठाल तेव्हा पाहुणे आलेले असतील. ते ‘निघतो’ म्हणाल्यापासून फाटकापर्यंत पाऊण तास धरा. रात्री सराफ्यात सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन ठेले लागले की मुलं तुमच्याकडे बघू लागतील. भुट्ट्याचा कीस खाऊन बाराला घरी या. मेथी निवडायची राहिली असेल. ‘इतर’मध्ये टाका.

९. एवढं करूनही पसारा उरलाच, तर माळ्याला दार बसवून घ्या

दिसत नाही ते नसतं, या एका तत्त्वावर मोठमोठी घरं उभी आहेत. सुताराला फोन लावा. तो म्हणेल, ‘भिया, मंगल को पक्का.’ कुठला मंगळवार, हे तुमच्या दोन्ही कॅलेंडरांत नाही. तोवर जुना पडदा लावला तरी चालेल. तो दिवाणात आहे, सतरंजीच्या खाली, डावीकडे. नसला तर आईला विचारा.