मनगटाला आराम

पुण्याच्या एका बुलेटवाल्याने मनगटदुखीवर थ्रॉटल लॉक घ्यायचं ठरवलं. ॲटलासचं बटणवालं, काओकोचं हँडलच्या टोकाला आवळायचं, की तळहात टेकवायची साधी प्लास्टिकची पट्टी? तीन आठवडे खल चालला.

लॉकचं यंत्र तसं भोळं. घर्षणाने मूठ धरून ठेवतं, वेग नव्हे. चढाला गाडी मरगळते, उताराला उधळते. म्हणून लॉक लावलेलं असतानाही हाताने मूठ मागे फिरलीच पाहिजे. नाहीतर आराम कायमचा.

आता रस्ता हवा सरळ, मोकळा. आहे की! ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. तिथे दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तेच.

उरला २०११ पासून चौपदरी होत असलेला मुंबई-गोवा रस्ता. माणगावपर्यंत लॉक एकदाच लागलं, चौदा सेकंद. मग म्हैस आली.