नोटासाहेब, एकदा मलकापूरला या

मा. श्री. नोटासाहेब,
मुक्काम : मतदान यंत्राचं सगळ्यात खालचं बटण.

यांसी शाहूवाडी तालुक्यातल्या एका मतदाराचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या 277 क्रमांकाच्या मतदारसंघात तुम्ही 2014 पासून विधानसभेला दर वेळी उभे राहता आणि आजवर एकदाही गावात आला नाहीत. तुमची जीप नाही, भोंगा नाही, एसटी स्टँडसमोर वाढदिवसाचा फलक नाही. बाकीचे उमेदवार पडले तरी मयतीला येतात. तुम्ही उभे असतानाही येत नाही. अशानं मतं कशी पडायची साहेब?

आमच्याकडचा प्रश्न फार लांबलचक नसतो. 'सावकर का आबा?' एवढाच असतो. सावकर म्हणजे वारणेचे विनय कोरे, आबा म्हणजे सरूडचे सत्यजित पाटील. बाहेरून आलेला पत्रकार पहिल्यांदा पक्ष विचारतो, मग बांबवड्यात चहा पिता पिता त्याच्या लक्षात येतं की पक्ष ही इथं मुंबईच्या माणसाला समजावं म्हणून लावलेली पाटी आहे. सावकरांचा जनसुराज्य 2004 नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात होता, ते स्वतः मंत्री होते. 2024 ला तोच पक्ष महायुतीत. आबा शिवसेनेचे, सेना फुटली तेव्हा ते मशालीकडे राहिले. वर काय जुळतं आणि काय मोडतं याचा इथल्या चौकाला फरक पडत नाही. 2009 ला सावकर, 2014 ला आबा, 2019 ला सावकर, 2024 ला पुन्हा सावकर. मधे 2024 च्या मे महिन्यात आबा लोकसभेला हातकणंगल्यातून उभे राहिले आणि धैर्यशील माने यांच्याकडून 13,426 मतांनी पडले. दिल्लीला कोण जाणार याची ती निवडणूक. आमच्याकडं मात्र ती नोव्हेंबरच्या विधानसभेची रंगीत तालीम म्हणूनच बघितली गेली.

ही दोन माणसं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. तसं लिहिलं तर अर्धा तालुका माझा चहा बंद करील आणि उरलेला अर्धा मला चहा पाजायला घरी येईल, आणि दुसरं जास्त धोक्याचं.

माझी तक्रार वेगळी आहे. इथं मत पाच वर्षांतून एकदा द्यायचं नसतं, ते रोज द्यायचं असतं. सकाळी दुधाची किटली घेऊन निघालो की गावात दोन डेअऱ्या. कुठल्या डेअरीच्या पायरीवर किटली टेकवली त्यावरून पोराचा गट ठरतो. सेवा सोसायटीत कर्ज मागायला गेलो तर सेक्रेटरी कागद बघायच्या आधी तोंड बघतो. उसाला तोड कधी येणार हे कारखान्याच्या चिटबॉयनं सांगायचं; पण तो सांगताना ज्या सुरात सांगतो तो सूर कुठून येतो हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही. तरुण मंडळं दोन, गणपती दोन, मिरवणुकीतला रस्त्याचा वाद मात्र एकच. लग्नपत्रिकेचं तर विचारूच नका. 'प्रमुख उपस्थिती'त एकाचं नाव छापलं तर पलीकडची भावकी जेवायला येत नाही. दोघांची छापली तर दोन्हीकडचे म्हणतात, हा मनातून पलीकडचाच. कुणाचंच छापलं नाही तर मुलीकडचे विचारतात, तुमचं गावात काही वजन आहे का?

अशा गावातल्या यंत्रावर तुम्ही आलात, म्हणून मला केवढी आशा वाटली होती! तुमच्या आधी 49-ओ नावाचा नियम होता. कुणालाच मत द्यायचं नसेल तर मतदान केंद्रातल्या अधिकाऱ्याला तसं तोंडानं सांगायचं, रजिस्टरात शेरा, त्याखाली सही किंवा अंगठा. शेजारी दोन्ही गटांचे पोलिंग एजंट मांडीला मांडी लावून बसलेले. त्यातला एक चुलतभाऊ, दुसरा सोसायटीचा संचालक. त्यांच्यासमोर 'मला दोघंही नकोत' म्हणायला विशाळगडाच्या कड्यावरून उडी मारायची हिंमत पाहिजे. ती हिंमत माझ्यात नव्हती. सप्टेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नाही म्हणणाऱ्यालाही गुप्तता हवी, आणि तुमचा जन्म झाला. पुढं 2015 ला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं तुम्हाला चिन्हही काढून दिलं : मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. आमच्या गावात कुणी ते फलकावर छापलेलं मी बघितलं नाही, पण चिन्ह मिळालं हे खरं.

आता हिशोबाला बसू. तुम्हाला पडलेलं मत मोजतात, जाहीर करतात, आणि बाजूला ठेवतात. उमेदवाराची अनामत जप्त करायची का, हे ठरवायचा एक षष्ठांशाचा हिशोब करतानाही ते धरत नाहीत. समजा उद्या शाहूवाडी-पन्हाळ्यातल्या बहुतेकांनी तुम्हालाच निवडलं, तरी तुमच्याखाली जो असेल तो आमदार. लातूर ग्रामीणला 2019 च्या विधानसभेत तुम्ही 27,500 मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आलात. विजयी झाले धीरज देशमुख. तुमचा कुणी सत्कार केला का? हार-शाल सोडा, पडलेल्या उमेदवाराला मिळतं तेवढं सांत्वन तरी? राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला स्थानिक निवडणुकांपुरता तुम्हाला दात दिला, तुम्हाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची म्हणून. पण आमच्याकडची ग्रामपंचायत बिनविरोध झाली की तुमचं बटणच लागत नाही. आणि बिनविरोध कशी करायची हे दोन्ही गटांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

मोठ्या लोकांच्या मतदानात तर तुम्हाला उभंच करत नाहीत. जुलै 2022 ला राष्ट्रपती निवडायचा होता. द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा. आमच्या आमदारांच्या मताची किंमत 175, महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराची तेवढीच. ही किंमत 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेली. म्हणजे त्या साली जी माणसं मोजली, त्यातली कित्येक गेली तरी राष्ट्रपती निवडायला आकड्यात अजून येतात. त्या मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती असं लिहिता येतं. आमच्या यंत्रावर तशी सोय नाही. 'पहिली पसंती माझी बायको, ती उभी नसल्यामुळे दुसरी आबा आणि अगदीच नाइलाज झाला तर सावकर' असं काही मला लिहिता येत नाही. एक बटण, एक शिट्टी, बाहेर.

नाइलाजाचंच म्हणाल तर, फ्रान्समध्ये 2002 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीत उजवे शिराक आणि कट्टर उजवे ल पेन उरले. डाव्या मतदारांना शिराक अजिबात नको होते, पण ल पेन त्याहून नको होते. नाकाला कपड्याचा चिमटा लावून मतदानाला जायची टूम निघाली आणि शिराक 82 टक्क्यांनी निवडून आले. आमच्याकडं कुणी नाकाला चिमटा लावून केंद्रावर गेला तर दोन्ही एजंट एकाच वेळी उठून म्हणतील, 'हे आमाला म्हणून लावलंय का त्यांना?'

साहेब, मला तुमच्यावरचा खरा राग सांगायचाय. ऑक्टोबर 2014 ला सगळे पक्ष वेगवेगळे लढले आणि आबा इथं 388 मतांनी निवडून आले. 388! एवढी माणसं आमच्याकडं बऱ्यापैकी मयतीला जमतात. निकालानंतर महिनाभर प्रत्येक वाडी सांगत होती की आमदार आमच्यामुळं झाला, आणि पडलेल्या बाजूला प्रत्येक वाडीचा संशय येत होता. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं मतदानाला आलेली पोरं हिरो झाली. ज्याला यायला सुट्टी मिळाली नाही त्याला अजून टोमणे बसतात. त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत होता, तुम्हाला मत दिलेला. त्याचं म्हणणं, 'माझं काय नाही बाबा, मी कुणालाच दिलं नाही.' अरे, 388 च्या निकालात कुणालाच न देणं म्हणजे कुणाला तरी देणंच की! पण त्याचं श्रेय नको, दोष नको, आणि पाच वर्षं आमदारावर टीका करायचा हक्क मात्र पूर्ण पाहिजे. तुम्ही आम्हाला ही चैन दिलीत. स्वच्छ हात, शून्य काम.

म्हणून माझा प्रस्ताव ऐका. तुम्ही नुसतं बटण होऊन राहू नका, गट काढा. 'नोटा गट'. कार्यालयासाठी मलकापुरात एक गाळा रिकामा आहे, मालक भाडं आगाऊ मागतो. गावागावात तिसरी डेअरी टाका. दुधाला भाव नको, पण फॅट लावताना मापकाट्यावर गट चढत नसेल तर मी उद्यापासून तुमचा. आंबा घाटाच्या धुक्यात अडकलेल्या पेशंटला कोल्हापूरला न्यायला एक रुग्णवाहिका ठेवा, तिच्यावर कुणाचा फोटो लावू नका. तोडीची यादी कारखान्याच्या फलकावर तारखेनुसार लावायला लावा. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती : नोटासाहेब' छापायची परवानगी द्या, दोन्हीकडची भावकी जेवून जाईल.

पण एक भीती आहे, आधीच सांगतो. आमच्याकडं तिसरा गट नवा नाही. तो उभा राहतो, वाढतो, आणि निवडणुकीच्या आठ दिवस आधी त्याच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात 'आपली दिशा' जाहीर होते. तुमचीही होईल. तेव्हा कुठल्या मंचावर तुमच्या गळ्यात कुठल्या रंगाचं उपरणं पडेल, ते मला आत्ताच दिसतंय, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला थोडं हायसंच वाटेल. निदान तुम्हालाही कुणाच्या तरी डेअरीशिवाय परवडत नाही, एवढं कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(दोन्ही गटांच्या यादीत 'काठावरचा' असलेला) एक मतदार

ता. क. : उत्तर पाठवताना पाकिटावर तुमचं नाव घालू नका. पोस्टमनचा मेव्हणा पलीकडच्या गटात आहे.