गाळा घेऊन ठेवा

नाशिकमध्ये माणूस निवृत्त झाला की पहिल्याच महिन्यात त्याला दोन सल्ले मिळतात. सकाळी कृषिनगरच्या ट्रॅकवर चालायला जात जा, आणि एखादा गाळा घेऊन ठेवा. पहिला सल्ला फुकटचा म्हणून मागे पडतो. दुसरा ऐकल्यावर मात्र तो फंडाचा आकडा जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहितो, त्याखाली रेघ मारतो आणि कॉलेज रोडवरून जाताना दुकानांच्या पाट्या सोडून शटरांची रुंदी बघू लागतो. बायको विचारते, "काय बघताय एवढं?" तो म्हणतो, "फ्रंटेज."

दुकान टाका, असं त्याला कोणी सुचवत नाही. सुचवलं तर तो रागावेल. पस्तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, ती काय म्हातारपणी सुटे पैसे मोजायला? दुकान दुसऱ्याने टाकावं, गिऱ्हाइकाशी हुज्जत दुसऱ्याने घालावी, धनत्रयोदशीला रात्री बारापर्यंत दुसऱ्याने उभं राहावं आणि पाच तारखेला भाडं तेवढं आपल्या खात्यात यावं. हे शहर गेल्या काही वर्षांत ज्या झपाट्याने पसरलं त्याबद्दल पूल, रस्ते, टॉवर यांच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. मला सगळ्यात मोठा बदल वेगळाच वाटतो. गाळा सगळ्यांना हवा आहे. गल्ल्यावर बसायला कोणी तयार नाही.

जुन्या नाशकात असं नव्हतं. मेन रोड, दहीपूल, भांडी बाजार, सराफ बाजार, कुठेही जा, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. शेठजी जिना उतरले की कामावर, चढले की घरी. दुकानाची किंमत किती, असं कोणी विचारत नसे, कारण विकायचं कोणालाच नसे. सराफ बाजार तर नदीच्या इतका जवळ, की गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गंगेवरचा दुतोंड्या मारुती बुडू लागला की दुकानदार माल वर हलवायच्या तयारीला लागतात. (गोदावरीला गंगा म्हणणं हा नाशिककरांचा हक्क आहे, त्यावर वाद नको.) 2008 मध्ये पाणी बाजारात शिरलं, 2016 मध्ये शिरलं, 2019 मध्येही शिरलं. आजच्या एखाद्या सल्लागाराला हा नकाशा दाखवला तर तो त्या जागेवर लाल फुली मारील. सराफ मात्र चिखल काढतात, फरशी धुतात, आणि सोनं पुन्हा त्याच काचेमागे जाऊन बसतं. आजोबांनी जिथून डोरलं घेतलं तिथूनच नातीचं मंगळसूत्र घ्यायचं, असं ठरवून आलेल्या गिऱ्हाइकाला पूररेषा दिसत नाही.

मेन रोडची खरी गंमत भाड्यात आहे. तिथल्या कित्येक दुकानांचा मालक एक आणि दुकानदार दुसरा. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधून ठेवली. मग वरचे पैसे पागडीच्या रूपाने, पावती न करता, या हातातून त्या हातात गेले. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने पागडीला उघड मान्यता दिली आणि मालकाला भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवायची मुभा दिली. आता 80 रुपयांच्या भाड्याचे 4 टक्के म्हणजे 3 रुपये 20 पैसे, आणि त्यातले 20 पैसे 2011 पासून चलनातही नाहीत. आपल्याच वाड्यातल्या दुकानात पाच हजारांची पैठणी बघून मालकीणबाई किती वर्षांच्या भाड्यात ती बसेल याचा हिशेब करतात, आणि तोही मोठ्याने. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. भाडेकरू ती नोटीस फाडतो, मालक तिची प्रत लॅमिनेट करून ठेवतो.

महापालिका झाली 1982 मध्ये. 2011 च्या जनगणनेत शहर 14 लाख 86 हजारांवर होतं. त्यानंतर जनगणनाच झाली नसल्याने आताचा आकडा जो तो आपल्या सोयीने सांगतो, आणि बिल्डर सगळ्यात मोठा सांगतात. या वाढीत बाजार मेन रोडवरून एमजी रोडला आला, कॅनडा कॉर्नर ओलांडून कॉलेज रोडला गेला, तिथून गंगापूर रोडला वळला आणि आता पाथर्डी फाट्याकडे त्याच्या चौकशा चालू आहेत. पण तो जाताना मागचं काही बंद करून गेला नाही. लग्नाचा बस्ता अजून मेन रोडलाच बांधतात, औषधांचा ठोक बाजार गोळे कॉलनीतच आहे, आणि बस्ता बांधून दमलेली मंडळी कॉफी प्यायला कॉलेज रोडला जातात. एका लग्नात अख्ख्या शहराची बाजारपेठ फिरून होते.

या सगळ्यात सिडकोचं मला फार कौतुक वाटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी तिथं स्कीमची लहान लहान घरं झाली. नकाशावर बाजाराची जागा वेगळी राखलेली होती. पण सकाळी सहाला दुधाची पिशवी आणायला नकाशात बघून कोण जातं? हळूहळू घरांच्या पुढच्या खोल्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. एकीत पिठाची गिरणी आली, दुसरीत शिवणयंत्र, तिसरीत झेरॉक्स. आतल्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेर ब्युटी पार्लर. फ्रीज एकच, खालच्या कप्प्यात विकायचं दही, वरच्यात घरची कोथिंबीर. गिऱ्हाईक हाक मारतं, "काकू, आहात का?" आणि काकू हात पुसत येतात. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला बघायचा असेल तर अजूनही तिथंच जावं लागतं. गुंतवणूक वगैरे काकूंनी ऐकलेलं नाही. त्यांचा मुलगा मात्र पुण्यात नोकरीला आहे आणि गंगापूर रोडला गाळा बघतो आहे.

गंगापूर रोडचा गाळा म्हणजे शटर लावलेली मुदत ठेव. तो दाखवणारा एजंट स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि गाळ्यात शिरायच्या आधीच परतावा सांगून टाकतो. "फ्लॅटला भाडं दोन-तीन टक्के सुटतं, सर. गाळ्याला सहा-सात कुठं गेले नाहीत." सहा-सात कुठं गेले नाहीत हे खरं, ते आले आहेत का, हे विचारायचं राहून जातं. मग क्षेत्रफळ. 2017 मध्ये महारेरा आल्यापासून कागदावर कार्पेटचा आकडा लिहावा लागतो, पण तोंडी व्यवहारात जुनी सवय चिवट आहे. 300 फुटांचा म्हणून दाखवलेल्या गाळ्यात टेप धरली की 190 भरतात. उरलेले फूट जिन्यात, पॅसेजमध्ये आणि लिफ्टच्या मागे आपापले हिस्से सांभाळून उभे असतात.

बिल्डरच्या गणितात तळमजला राजा. त्याचा दर वरच्या मजल्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. म्हणून खाली शॉप आणि वर फ्लॅट अशी इमारत उठते, आणि पुढची कित्येक वर्षं सोसायटीच्या सभेत वडे तळल्याचा वास आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या हे दोनच विषय चालतात. पहिल्या मजल्याचं दुःख वेगळं. त्याला पहिला मजला म्हणायला कोणी धजत नाही. अर्धा जिना खाली ते लोअर ग्राउंड, अर्धा वर ते अप्पर ग्राउंड. नाव कसंही ठेवा, तिथं शेवटी अबॅकसचे क्लास, विम्याचं ऑफिस आणि दातांचे डॉक्टरच येतात. दात दुखणारा माणूस जिना चढतो, टी-शर्ट घेणारा चढत नाही. दुकानाच्या जागेबद्दल माझ्या माहितीतलं सगळं अर्थशास्त्र एवढंच आहे, आणि ते आमच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस असताना सांगितलं.

तळमजल्याचं तरी सुरळीत चालतं का? कॉलेज रोडच्या एका कोपऱ्यावरचा गाळा मी जाता-येता बघतो. तिथं मोबाइलची ॲक्सेसरी आली. मग मोमो आले. मोमोंच्या जागी केक, केकच्या जागी मुलांचं सलून, आणि सलूनच्या जागी 'भाड्याने देणे आहे'. दर वेळी जुनं छत उतरतं, नवं पीओपी चढतं, भिंतीवर प्लास्टिकची हिरवळ आणि त्यावर निऑनमध्ये एखादं इंग्रजी वाक्य लागतं. पाटी मराठीत हवी असा कायदा असल्याने ते दुकान 'द स्वीट अफेअर' असं ठळक देवनागरीत लिहून शासनाची इच्छा पूर्ण करतं. दुकानदार बुडतो, गाळेवाला तीन महिने भाड्यावाचून बसतो. फ्लेक्सवाला आणि पीओपीवाला मात्र दर फेरीला कमावतात. निवृत्तांनी गाळ्याऐवजी त्यांच्यात पैसे घालावेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणून ज्याला त्याला आता ब्रँड हवा. झुडिओची पाटी आपल्या रस्त्याला लागली की शहर मोठं झालं, असं समजायची रीत आहे. त्यांच्याकडे हजाराच्या वर कपडा नाही आणि ऑनलाइन विक्री नाही, म्हणून गिऱ्हाइकाला पायानेच यावं लागतं आणि त्यांना सात-आठ हजार फुटांची जागा लागते. डी-मार्टचं तिसरंच. ते बहुतेक ठिकाणी भाड्याच्या फंदात न पडता जागा विकत घेऊन बसतात. एवढा मोठा दुकानदार स्वतःच मालक होतो, यात मेन रोडच्या शेठजींचा विजय आहे, पण ते सांगायला कोणी त्यांच्याकडे गेलेलं नाही.

ब्रँडशी करार करताना भाड्याचा एक नवा प्रकार पुढे येतो: ठरलेली रक्कम किंवा विक्रीचा टक्का, जे जास्त असेल ते. माझ्या एका स्नेह्याने असा करार केला. हिशेबखात्यात आयुष्य गेलेला माणूस. करार झाल्यापासून तो संध्याकाळी समोरच्या रसवंतीत बसतो आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या पिशव्या मोजतो. रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या एका कुटुंबाला त्याने परवा थांबवून विचारलं, "का हो, साइज नाही मिळाला का?" गल्ल्यावर बसायचं नाही म्हणून गाळा घेतला, आणि आता रस्त्यापलीकडून गल्ला सांभाळतो आहे.

सगळ्यात नवे भाडेकरू म्हणजे दहा मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्या कंपन्या. त्यांना फ्रंटेज नको, कोपरा नको, पूर्वाभिमुख दार नको. गल्लीच्या आत, खाली उतरून, मोठा हॉल असला की पुरे. आत कपाटांच्या रांगा, बाहेर दुचाकींची रांग, आणि गिऱ्हाइकाला आत यायला बंदी. ज्या लोअर ग्राउंडला कोणी विचारत नव्हतं त्याला आता फोन येतात. उजेड नाही, पार्किंग नाही, कोणी फिरकत नाही, हे सगळे दोष एका रात्रीत गुण झाले. एजंट मंडळींनी भाषण बदललंसुद्धा.

आणि आता 2027 चा सिंहस्थ. सिंहस्थाआधी शहरात रस्ते होतात हा अनुभव 2015 मध्ये घेतल्यामुळे या वेळी रस्ता व्हायच्या आधीच त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे विक्रीला निघाले आहेत. पिशव्या मोजणाऱ्या माझ्या स्नेह्याने दुसरा गाळा बुक करायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला खड्डा. एजंटने खड्ड्याकडे बोट केलं. "तो तुमचा, सर. नंबर चौदा. समोरून रिंग रोड."

"आणि गिऱ्हाईक?"

"रोड आला की गिऱ्हाईक येतंच की, सर."

स्नेह्याने होकायंत्र काढून दिशा बघितली, समाधानाने मान हलवली आणि टोकनचा चेक फाडला. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्या ओळखीत कोणी होतकरू मुलगा असला तर बघून ठेव. मेहनती पाहिजे, बारा-बारा तास दुकानात उभा राहणारा. आपल्या पोरांपैकी नको हं. त्यांचं चांगलं चाललंय."