एजंटसाहेब, आमची गाडी मजेत आहे

एजंटसाहेब,



वर तुमचं नाव घातलेलं नाही. एक तर तुमच्या दुकानावरची पाटी दर दोन-तीन वर्षांनी बदलते. शिवाय कागदावरची मोक्याची जागा रिकामी ठेवायची, हा तुमचाच रिवाज.

पत्रास कारण की, आपली गाडी यंदा पंढरपूरला जाऊन आली. ऐन आषाढीच्या गर्दीत नो पार्किंगमध्ये उभी होती. चलानासोबत फोटोही आहे. मी जन्मात वारी केली नाही, माझी मारुती मात्र पोचली. पुण्य कुणाच्या खात्यात जमा झालं ते विठ्ठलाला ठाऊक. दंड माझ्या खात्यात आहे.

‘माझी मारुती’ म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. 2008 साली तुम्ही ती 62 हजार रोख मोजून आमच्या दारातून नेलीत. नेताना बायकोच्या हातचा चहा प्यालात आणि ‘आरसीचं टेन्शन घेऊ नका सर, ट्रान्सफर आठ दिवसांत’ असं म्हणालात. (भाव ठरेपर्यंत मी ‘सर’ होतो, ठरल्यावर ‘दादा’ झालो. मध्यंतरी फोन केला तेव्हा ‘काका’ झालो होतो आणि तुम्ही साइटवर बिझी होतात.) तुमच्या धंद्यात ज्यांना टीटी फॉर्म म्हणतात त्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर तुम्ही माझ्या सह्या घेतल्यात. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. ‘गिऱ्हाईक आलं की भरतो.’ ते आठ दिवस अजून चालू आहेत.

2019 साली नव्या गाडीचं चलान तपासताना सहज जुना नंबर टाकून पाहिला. नंबर पाठ होताच, चेसिसचे शेवटचे चार आकडे जुन्या विमा पॉलिसीवर सापडले. आणि पडद्यावर आमच्या गाडीचा संसार उलगडला! चाकणला सिग्नल तोडला. दौंडला विना सीटबेल्ट. सोलापूर रस्त्यावर अतिवेग.

अतिवेग, एजंटसाहेब! माझ्या हातात तिने ऐंशी ओलांडले की बॉनेट थरथरायचं आणि मागच्या सीटवरून आईचं रामरक्षा म्हणणं सुरू व्हायचं. उतारवयात माणसं मवाळ होतात. हिला तुम्ही काय खाऊ घातलंत कळेना. पुढे नगर जिल्ह्यातल्या एका ठाण्यातून फोन आला तेव्हा तेही कळलं. तिच्या डिकीत स्वयंपाकाच्या गॅसचा लाल सिलिंडर होता. त्यावर ती गावोगाव फिरत होती. हवालदारसाहेबांनी विचारलं, ‘गाडी तुमचीच ना?’ आता याला ‘हो’ म्हणावं की ‘नाही’, हे तुम्ही तरी सांगा. कागद म्हणतो हो.

तुम्ही तिला ‘माल’ म्हणालात. बॉनेटवर दोन थापा मारून, दाराचा आवाज ऐकून, खाली वाकून गंज बघत ‘मालात दम नाही’ असा निकाल दिलात. तुमचा मान राखून तुमच्या ‘माला’ची थोडी माहिती देतो. विकताना उपयोगी पडली असती.

1996 साली ती आमच्याकडे आली. दोन लाखांच्या घरात किंमत, त्यातलं निम्म्याहून अधिक कर्ज. घराण्यातली पहिली चारचाकी. एमएच-12 ची काळी पाटी, पांढरी अक्षरं. तेव्हा खासगी गाडीला तशीच पाटी असे. शोरूममधून थेट सारसबागेच्या गणपतीला नेली. चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडली गेल्यावर आईने पेढे वाटले, आणि मग सगळ्यांना प्रश्न पडला की आता ही चालवून घरी कोण नेणार. लायसन्स माझ्याकडे होतं. आत्मविश्वास शेजारच्या काकांकडे होता. त्यांनी नेली.

796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटर. थंडीत सकाळी चोक ओढायचा, घरघर सुरू झाली की हळूहळू आत ढकलायचा. तो आत ढकलायचा नेमका क्षण घरात फक्त मला साधतो, असा माझा समज होता आणि बायकोने तो बरीच वर्षं मोडला नाही. एसी नव्हता. बसणारे चार असं कंपनीचं म्हणणं, आमच्याकडे मुलं मोजत नसत. पूर्ण भरली की प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायचं. मग पुरुषमंडळी उतरायची, गाडी पलीकडे जायची, पुरुषमंडळी परत बसायची. कात्रजपासून वाईपर्यंत आम्ही बरंच अंतर असं पायी कापलं आहे.

पण खंबाटकीत मात्र तिचा थाट बघायचा. तेव्हा त्या घाटात वळणावळणाला फियाट आणि अँबॅसिडर बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या. मालक हातात पाण्याचा डबा घेऊन रेडिएटर थंड व्हायची वाट बघतायत, आणि आमची ही साडेसहाशे किलोंची चिमुरडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत त्यांच्या नाकासमोरून वर! ज्यांच्या अँबॅसिडरमध्ये लहानपणी मला ‘हात स्वच्छ आहेत का?’ विचारून बसवलं जायचं, ते मामा एकदा असेच उभे दिसले. आम्ही थांबलो, पाणी दिलं. बाबा पुढे साताऱ्यापर्यंत गप्प होते, पण चेहऱ्यावरून आनंद लपत नव्हता.

दापोलीला जाताना मागचं चाक गटारात गेलं. क्रेन कुठली मिळायला! समोरच्या टपरीवरून पाच-सहा जण आले, ‘उतरा बघू सगळे’ म्हणाले आणि गाडी अक्षरशः उचलून रस्त्यावर ठेवली. चहाचे पैसेही घेईनात. हल्लीच्या दीड टनाच्या गाड्या गटारात गेल्या तर अशी ओळख होत नाही.

असो. हे सगळं सांगायचं कारण असं, की मी बरीच वर्षं तुम्हाला आळशी समजत होतो. आरटीओत खेटे घालायचा कंटाळा, दोन-चारशे रुपयांच्या फीची कंजुषी, एवढंच. मी तुम्हाला फार कमी लेखलं. गाडी पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावावर केली असती तर आरसीवर ‘दुसरा मालक’ उमटला असता. त्याने परत तुम्हालाच विकली की ‘तिसरा’. प्रत्येक आकड्याला भाव पडतो. त्यापेक्षा माझ्या कोऱ्या सह्या फायलीत जपल्या की गाडी कितीही हात फिरून आली, तरी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता: ‘फर्स्ट ओनर आहे, कागद बघून घ्या.’ आणि कागद खरंच तसं सांगतो. चलानांच्या फोटोत दर वेळी वेगळाच माणूस स्टिअरिंगवर आहे: एकदा मिशीवाले गृहस्थ, एकदा कॉलेजातलं पोर, एकदा टपावर कोबीची पोती. मालक मात्र प्रत्येक वेळी मीच. इतकं खोटं इतक्या खऱ्या कागदावर चालवायचं, याला डोकं लागतं.

कायदाही तुमच्यावर प्रसन्न होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. विकणारा आहे, घेणारा आहे. मधला कुठेच नाही! गाडी चारचौघांत तुमच्या शेडमध्ये उभी, चावी तुमच्या खिळ्याला, पैसे तुमच्या गल्ल्यात, आणि कायद्याच्या लेखी तुम्ही हवा. सरकारला हे उमगायला 2022 चा डिसेंबर उजाडला. तेव्हा नियम दुरुस्त झाले. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं, मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवायचं, आणि ती विकली जाईपर्यंत जबाबदार मालक व्यापारी. तुमच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र दिसलं नाही. लक्ष्मीच्या फोटोमागे असेल.

दंडाचं मी मनाला लावून घेत नाही. झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली गाडीही अशीच विकली गेली, मग पुन्हा विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि अपघात शेवटच्याच्या हातात झाला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाचं म्हणणं असं, की अपघातग्रस्तांना एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे पळवायचं नाही. नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक, जबाबदार तोच. निकाल योग्यच आहे. जखमी माणसाने तुमच्यासारख्यांची साखळी शोधत कुठे फिरायचं? फक्त आमच्या गाडीचं पासिंग 2011 साली संपलं, विमा कुणी भरत नाही, डिकीत सिलिंडर आहे आणि नोंदणीत नाव माझं आहे. रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी पाणी पितो, मग उचलतो.

मध्यंतरी वाचलं ते तुमच्याही कानावर घालतो. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी ज्यांच्या हातात पहिल्या मारुतीची चावी दिली, त्या हरपाल सिंग यांनी ती गाडी मरेपर्यंत विकली नाही. 2010 मध्ये ते गेले. गाडी गंजत पडली होती. पुढे कंपनीने ती नीट केली, आता ती त्यांच्या मुख्यालयात मांडून ठेवली आहे. तिचा नंबर डीआयए 6479. आरंभापासून अखेरपर्यंत एकच मालक, तोही खरोखरचा. अशी गाडी तुमच्या हाती लागली असती तर? तिचा किलोमीटरचा काटा मागे फिरवून, टायरला काळं पॉलिश मारून, ‘डॉक्टरची गाडी, लेडीज हँड’ म्हणून तुम्ही ती चार वेळा तरी विकली असती.

आता ताजी बातमी. पंढरपूरची वारी तिला सोसली नाही. परवा एक पत्र आलं: आपले वाहन रस्त्याच्या कडेला बेवारस स्थितीत आढळले आहे, तरी मालकाने ते त्वरित हलवावे. मी जाऊन पाहिलं. चाकं नाहीत, बॅटरी नाही, मागची काच नाही. रंग तुम्ही पांढऱ्याचा लाल केलात. दाराच्या कडेला टवका उडालाय तिथे खालचा पांढरा दिसतो. डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला गणपती जागेवर आहे. नखाने निघेना, कुणालाच निघाला नसावा. शेजारी उभ्या पोराने विचारलं, ‘काका, भंगारात देणार का? ओळखीचा एजंट आहे.’ मी त्याला हात जोडले.

तिला रीतसर स्क्रॅप सेंटरला देतोय. चौकशी केली आहे. सगळी थकबाकी आधी चुकती करायची, टोइंगचे पैसे वेगळे. मग चेसिस नंबर कापून घेतात, नोंदणी रद्द होते आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत असते. म्हणजे तुम्ही ट्रान्सफर केली असतीत, तर या सवलतीला मी मुकलो असतो. सतरा वर्षं माझं नाव तुम्ही त्या आरसीवर राखलंत, त्याचे आभार मानावे तेवढे थोडेच.

फक्त थकबाकीचा आकडा सवलतीहून मोठा निघाला आहे. म्हणून मी दुसरा विचार केलाय. गाडी तुम्हालाच विकतो, एक रुपयाला. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म तयार आहेत. घेणाऱ्याचं नाव मी स्वच्छ अक्षरात भरलंय, तुमच्या दुकानाचा सध्याचा पत्ताही घातलाय. तारीखही कोरी ठेवलेली नाही: 2008 घातली आहे, व्यवहार झाला तीच. तुमची फक्त सही हवी. शनिवारी दुपारी बारानंतर येतो. साइटवर बिझी असलात तर शेडमध्ये थांबतो, चहा सांगून ठेवा.

आपला,
कागदोपत्री आजही फर्स्ट ओनर