कसर

आषाढ लागला तशी एके संध्याकाळी आईने माझ्या मानेला पालथा हात लावला आणि म्हणाली, "अंगात कसर आहे तुझ्या." थर्मामीटर म्हणाला ९९.४. म्हणजे धड ताप नाही, धड बरंही नाही. सकाळी बोटं आखडायची, संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या आणि पानात वाफाळता इंद्रायणी भात आला तरी वासानेच पोट भरायचं. कामशेतला या दिवसांत दारं फुगतात, पापड सादळतात, काडेपेटी रुसते. माणूसही सादळत असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी तीन आठवडे काढले.

मग रक्त दिलं. रिपोर्ट पाच पानी आला. त्यात चौकटीबाहेरचा आकडा ठळक छापतात, म्हणजे चष्मा नसला तरी धसका घेता यावा. माझे चार आकडे ठळक होते. हिमोग्लोबिन किंचित खाली. डी जीवनसत्त्व तळाला. त्यात नवल नाही, जून ते सप्टेंबर सूर्य आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, तोही चहा न घेता जातो. इओसिनोफिल वर. हा 'इस्नोफिलिया' तर आमच्या घरात आत्याच्या लग्नाआधीपासून नांदतोय. चौथा आकडा मात्र नवा होता : ईएसआर ६२.

तो कागद हातात धरूनच दुसऱ्या दिवशी सकाळची पुणे लोकल पकडली. लोणावळ्याहून बसून येणारे नाना खिडकीशी होते. पावसाळ्यात लोणावळेकर माणूस नमस्काराऐवजी पाऊस विचारतो.

"किती झाला?"

"बासष्ट," मी कागदातून मान वर न काढता म्हणालो.

"बासष्टच? परवा दोनशे दहा होता."

माझ्या पोटात गोळा आला. "दोनशे दहा? कुणाचा?"

"म्हणजे काय? मिलिमीटर ना?"

"हो. तासाला."

आता नाना उठून उभे राहिले. "तासाला बासष्ट! कुठं, भुशीला?"

गैरसमज मिटेपर्यंत वडगाव गेलं. पण नंतर वाटलं, नाना फार चुकले नव्हते. पाऊस मोजतात तशी ईएसआरलाही काचेची नळीच आणि मोजमापही मिलिमीटरमध्येच. वेस्टरग्रेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९२१ मध्ये मांडलेली रीत अजून चालते : बारीक नळीत रक्त भरून नळी उभी करायची, तासभर हात लावायचा नाही आणि तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते वाचायचं. अंगात कुठे दाह असला की पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन भराभर बसतात. पुरुषाच्या वयाचं निम्मं हा ढोबळ हिशेब; माझ्या छप्पन्न वर्षांना अठ्ठावीस शोभले असते. बासष्टचा अर्थ एवढाच की कुठेतरी धूर निघतोय. कोणाच्या घरातून, ते नळी सांगत नाही.

तळेगावच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मलाच वाचायला घेतलं. लावणीला चिखलात उतरला होतात? पायाला जखम होती? घरात उंदीर? गाईचं कच्चं दूध पिता? गवतात बसता? मग शर्ट काढायला लावून काखेत, कानामागे, पट्ट्याच्या रेषेत बॅटरी मारून पाहिलं. स्क्रब टायफसची खपली शोधत होते म्हणे. गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग उमटतो, आणि तो नेमका अशा जागी असतो जिथे आरसा पोचत नाही. माझ्या अंगावर तीळ सापडले, मुंबईला शिकत असताना उठलेल्या गळवाचा वण सापडला, खपली नाही.

पुढे क्षयाची शंका. दंडाखाली टोचलं आणि तिसऱ्या दिवशी तिथला फुगवटा पट्टीने मोजला : ११. पुन्हा मिलिमीटरच! डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे पुष्कळांच्या अंगात हे जंतू निजलेले असतात. यावरून एवढंच कळतं की कधीतरी तुमची ओळख झालीय. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. खरं सांगतो, मी क्षणभर हिरमुसलो. मला नाव हवं होतं. नाव नसलेल्या आजाराला रजेच्या अर्जात जागा नसते. शहाळं घेऊन आलेला पाहुणा "नेमकं काय झालंय?" म्हणून विचारतो आणि "अजून कळलं नाही" म्हटलं की शहाळ्याकडे असं बघतो, जणू परत न्यावं. मराठीने 'निदान' या शब्दाची मोठी गंमत करून ठेवली आहे. इतकं होतंय, तर निदान निदान तरी व्हावं!

"लोणावळ्याला कैवल्यधामात जा," मामा म्हणाले. सल्ला वाईट नव्हता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही योगसंस्था काढली. नौली केल्याने पोटात काय होतं, हे कोणाच्या सांगण्यावर न सोडता एक्स-रेखाली पाहणारा हा माणूस. १९२७ मध्ये कोल्हापूरकडच्या दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांनाच पत्रं लिहिली. पण गांधीजींकडे रक्तदाब होता. मी आसन कशाचं मागणार? सादळण्याचं?

शेवटी डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर हिशेब मांडला. 'नॉर्मल'ची चौकट आखतानाच शंभर धडधाकट माणसांतले पाच जण बाहेर ठेवलेले असतात. तेव्हा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही सगळ्या चौकटीत बसण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या पॅकेजात साठाहून जास्त आहेत, ते म्हणाले, चार ठळक म्हणजे तुम्ही तसे सभ्यच. बासष्ट मात्र त्यांनी हसण्यावारी नेला नाही. त्याभोवती गोल केला आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलं.

भाद्रपदात बोटं सुटली. पितृपक्षात खीर दोनदा मागून घेतली. आईने पुन्हा मानेला हात लावला आणि काही न बोलता कांदे चिरायला गेली, तेव्हाच मी समजलो. डॉक्टरांना विचारलं, "पण होतं काय?"

"एखादा विषाणू असेल. नाव ठेवायचंच असेल तर ठेवा, मी बारशाला येणार नाही."

नवा रिपोर्ट ऑक्टोबरात आला. लोकलमध्ये नाना त्याच खिडकीशी. माझ्या हातातला कागद पाहून त्यांनी सवयीने विचारलं, "किती झाला?"

"अठरा," मी खुशीत म्हणालो.

नानांचा चेहरा पडला. "ऑक्टोबरात अठरा? भात आडवा झाला असेल की हो सगळा!"