पेट्रोलच्या बाटलीचे धनी यांस

श्री. बागायतदार काका यांस,


पाऊस सरला, बेणणीला गडी लागले, ग्रास कटरची घरघर पार खाडीपर्यंत ऐकू येते. आपल्या हापूसच्या कलमांखाली रान म्हणून उरलं नाही. अभिनंदन!

आपला इंधनसाठाही पाहिला. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, बूच गळतं म्हणून खाली पिशवीचा तुकडा. 1934चा पेट्रोलियम कायदा घरच्या वापराला 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो. पण घट्ट बुचाच्या काच, चिनी माती किंवा धातूच्या भांड्यात. ‘प्लास्टिकला नको कुठं म्हटलंय?’ हे आपलं उत्तर ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

टू-टी ऑइलच्या बाबतीत मात्र आपला हात धरणारा कोणी नाही. कंपनीनं 50ला 1 सांगितलं, की लिटरमागे 20 मिली, तेही सिरिंजनं मोजून. पिस्टन जाम झाला तर भुर्दंड आपल्याला ना! गड्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही. पात्याखालून उडालेला जांभ्याचा खडा माणूस बघून वळतो, अशी आपली श्रद्धा असावी.

टाकी संपली की तापलेल्या सायलेन्सरशेजारीच पेट्रोल ओतायचं, कारण इंजिन निवेपर्यंत थांबलं तर मजुरी फुकट जाते. बिडी ओढणारा लांब बसतो हे खरं, पण उताराच्या खालच्या अंगाला. पेटते ती पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळे सरपटत त्याच्याकडेच जाते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सुटते. मग रत्नागिरीच्या ऑक्टोबरची काय कथा!

जनरेटर भिजू नये म्हणून पडवीत. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड झालं की आपण ‘पित्त झालं’ म्हणून कोकम सरबत मागवता. जनरेटर हवा घरापासून 20 फूट लांब, धूर दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, वर चार पत्रे: गाडीसाठी एवढं केलंतच की.

आपला,
वाऱ्याच्या खालच्या अंगाचा शेजारी

ता. क. : बाटलीवर अजून संत्र्याचं चित्र आहे, आणि दिवाळीला नातवंडं येतायत. कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरतं. तडक दवाखाना गाठा.